शंख झिजतोय आणि पिल्लं वाढतायत: टाकीतल्या गोगलगायींविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात घरी साठ लिटरची टाकी, त्यात गप्पी आणि कोरीडोरास मासे, थोडी झाडं. चार महिन्यांपूर्वी दोन पिवळ्या ॲपल स्नेल आणल्या. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं, कारण ते जास्त शुद्ध. आता दोघींच्या शंखाचं टोक पांढरं पडलंय, वर खड्डे पडलेत आणि एकीच्या शंखाची कड तुटतेय. त्याच वेळी काचेवर बारीक गोगलगायी शेकड्यांनी दिसायला लागल्यात. दुकानदार म्हणतो, औषध टाका, सगळ्या जातील. शिवाय गावाकडच्या भातखाचरातल्या मोठ्या गोगलगायी आणून सोडल्या तर चालतील का, हेही विचारलंय.

औषध टाकू नका. हे आधी सांगते, कारण बाटली एव्हाना घरी आलीही असेल. गोगलगायी मारायच्या औषधात बहुधा तांबं असतं, अनेकदा मोरचुदाच्या रूपात. तांबं नको असलेली गोगलगाय आणि हौसेनं आणलेली गोगलगाय असा भेद करत नाही. तुमच्या दोन्ही पिवळ्या आधी जातील. उद्या कोळंबी ठेवायची म्हटलं तर तीही टिकणार नाही, कारण तांब्याचा काही अंश वाळूत बसून राहतो. आणि समजा शेकडो बारीक गोगलगायी एका रात्रीत मेल्या, तर त्या वाळूत, झाडांच्या मुळांशी, फिल्टरच्या स्पंजात सडणार. त्यातून अमोनिया वाढतो आणि दोन दिवसांत गप्पी वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. माशांना पांढरे ठिपके आले म्हणून जी औषधं देतात, त्यांतल्या काहींतही तांबं असतं. बाटलीवरचा मजकूर वाचायची सवय लावा आणि शंका असेल तर आजारी मासा वेगळ्या बादलीत काढून तिथे औषध द्या.

तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण दोन्ही तुमच्याच हातून टाकीत जाणाऱ्या गोष्टींशी जोडलेल्या आहेत. शंख कसा होणार हे पाणी ठरवतं. बारीक गोगलगायी किती होणार हे तुम्ही टाकता ते खाणं ठरवतं.

आधी शंखाचं बघू. शंख म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट, वरून एक पातळ सेंद्रिय थर. हा थर गेला की खालचा चुनखडीचा भाग उघडा पडतो, आणि पाणी आम्लधर्मी असेल तर तो सरळ विरघळत जातो. टोकाचा भाग सगळ्यात जुना, म्हणून पांढरं पडायची सुरुवात तिथून होते. गोगलगाय शंखासाठी कॅल्शियम खाण्यातूनही घेते आणि थेट पाण्यातूनही. आरओच्या पाण्यात ते जवळपास उरलेलंच नसतं. पीएच धरून ठेवणारे बायकार्बोनेटही त्यात नसतात, त्यामुळे माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून जे आम्ल तयार होतं त्याला अडवायला काही राहत नाही. पीएच सातच्या खाली घसरला की शंख दोन्हीकडून मार खातो. बांधायला माल नाही आणि बांधलेलं विरघळतंय. पिण्यासाठी आरओ ठेवा, टाकीसाठी नको.

एक गोष्ट आजच करून बघा. गोगलगायीला कडेनं दोन बोटांत धरून अलगद उचला आणि शंखाच्या तोंडाची कड उजेडात बघा. काचेला घट्ट चिकटली असेल तर ओढू नका, बाजूला सरकवत सोडवा, नाहीतर आतला स्नायू दुखावतो. नवीन शंख फक्त या कडेला तयार होतो. नीट वाढणाऱ्या गोगलगायीत ही शेवटची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी पातळ, ओलसर आणि थोडी पारदर्शक दिसते, रंग बाकीच्या शंखाशी जुळतो आणि कड सलग असते. कॅल्शियम कमी पडत असेल तर तीच कड कागदासारखी तुटते, दातेरी होते, किंवा वाढ थांबून जाड आणि बोथट होते. पुढचे काही आठवडे तुम्हाला बघायची आहे ती हीच पट्टी. टोकाचे जुने खड्डे भरून येत नाहीत, ते तसेच राहणार, त्यांच्यामुळे जीव घाबरा करून घेऊ नका. उपाय लागू पडला की नाही हे फक्त कड सांगते.

आता पाणी. नळाचं पाणी वापरा, अँटीक्लोरीन टाकून. पण पुण्याचं काय किंवा मुंबईचं काय, धरणाचं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस. बेसाल्टच्या डोंगरांवरून लगेच धरणात आलेल्या या पाण्यात क्षार कमीच असतात. उलट काळ्या जमिनीतल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असतं. गिझर उघडल्यावर आत पांढरा थर साचलेला दिसतो ना, तो कॅल्शियम कार्बोनेटच. ज्या घरात तो जाड साचतो, त्या घरातल्या गोगलगायींचे शंख सहसा छान असतात. सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल तर मात्र जपून. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. अशा पाण्याचा पीएच चांगला येतो, केएच (बायकार्बोनेटचं माप) चांगला येतो आणि तरीही शंख ठिसूळ राहतो, कारण जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा कडकपणा) जवळपास शून्य असतो. म्हणून फक्त पीएच मोजून भागत नाही. थेंबांचं टेस्ट किट आणा आणि जीएच, केएच दोन्ही मोजा. जीएच आठ अंशांच्या पुढे, केएच चारच्या पुढे आणि पीएच साडेसात ते आठच्या दरम्यान असेल तर ॲपल स्नेलला दुसरं काही लागत नाही. सोसायटीच्या पाणी-तपासणीचा अहवाल असेल तर त्यातला काठिण्याचा मिलिग्रॅम प्रति लिटरमधला आकडा 17.8 ने भागा, अंश मिळतात.

बदल हळूहळू करा. दर तीन-चार दिवसांनी दहा-बारा लिटर पाणी बदला, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत टाकीतलं अर्ध्याहून जास्त पाणी नळाचं झालेलं असेल. एका दिवसात सगळं पाणी बदललंत तर आधीच अशक्त झालेल्या गोगलगायी शंखाचं दार लावून तळाशी पडून राहतील आणि माशांनाही धक्का बसेल.

कॅल्शियमसाठी महागडी पावडर घ्यायची गरज नाही. हिशेब बघा: साठ लिटर पाण्याचा कडकपणा चार अंशांनी वाढवायला साधारण सव्वाचार ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळावं लागतं. एका कोंबडीच्या अंड्याच्या कवचात जवळपास तेवढं असतं. कवच उकळा, आतला पापुद्रा सोलून काढा, चुरा करून जाळीच्या पिशवीत भरा आणि पिशवी फिल्टरच्या प्रवाहात ठेवा. घरात अंडं चालत नसेल तर आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात किंवा पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा अंगठ्याएवढा तुकडा टाका. सुरुवातीला तो तरंगतो, मग भिजून बुडतो, आणि पुष्कळदा गोगलगाय त्याच्यावर बसून तो थेट खरवडते. तिची कानशीसारखी जीभ त्यावर फिरल्याच्या बारीक समांतर रेघा दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसतात. कोरलचा चुरा मिळाला तर तोही उत्तम. हे सगळे पदार्थ पाणी थोडं आम्लधर्मी असेल तेव्हा भराभर विरघळतात आणि पीएच आठच्या जवळ गेला की जवळपास थांबतात, त्यामुळे जास्त पडण्याची भीती नाही.

पानाचा चुना मात्र कधीही टाकू नका. कॅल्शियमसाठी चुना ही कल्पना सहज सुचते आणि ती जीवघेणी आहे. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. चिमूटभर चुन्यानेही हलक्या पाण्याचा पीएच काही मिनिटांत दहाच्या वर जाऊ शकतो, आणि मग ना गोगलगाय वाचते ना मासा.

खाण्यातून कॅल्शियम द्यायचं तर पालक सगळ्यात आधी सुचतो, पण पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे रोज पालक घालून फायदा नाही. दुधी, दोडका, काकडी, फरसबी, गाजर हे वाफवून द्या. भाजी आधी नीट धुवा, शक्य असेल तर थोडा वेळ पाण्यात ठेवा, कारण फवारणीचा अंश गोगलगायीला माणसापेक्षा फार लवकर बाधतो. मी आठवड्यातून दोनदा एक खास खाणं देते. वाफवलेले मटार आणि शेवग्याचा पाला मिक्सरमधून काढायचा, त्यात माशांचं चुरा खाद्य आणि अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड मिसळायची, गरम पाण्यात विरघळवलेलं चायना ग्रास घालून ताटलीत ओतायचं आणि गार झालं की बोटाच्या नखाएवढ्या वड्या पाडून फ्रीझरमध्ये ठेवायच्या. एका मोठ्या गोगलगायीला एक वडी. वास लागताच तिची मिशांसारखी लांब शिंगं हलायला लागतात आणि ती बरोबर वडीवर येऊन बसते. चार तासांनी उरलेलं काढून टाका.

हे काढून टाकणं दुसऱ्या तक्रारीचं अर्धं उत्तर आहे. बारीक गोगलगायी तुमच्या टाकीत झाडांबरोबर आल्या, पानामागे चिकटलेल्या जेलीसारख्या अंड्यांतून किंवा पिल्लांच्या रूपात. त्या कोणत्या हे ओळखणं सोपं आहे. शंख टोकदार, पातळ, आणि टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरल्यावर तोंड डावीकडे येत असेल तर ती ब्लॅडर स्नेल. चपटी, गुंडाळी केलेली असेल तर रॅमशॉर्न. लांबट, शंकूसारखी आणि दिवसा वाळूत शिरणारी असेल तर ट्रम्पेट स्नेल. पहिल्या दोघी उभयलिंगी आहेत. ट्रम्पेटला तर नराचीही गरज नसते, मादी एकटीच पिल्लं देते, अंडी नव्हे. म्हणजे एक राहिली तरी टाकी पुन्हा भरते. हे एकदा लक्षात आलं की सगळ्या मारून टाकायचा हट्ट सोडून देणं बरं.

या तिघी तुमच्या झाडांना सहसा धक्का लावत नाहीत. त्या कुजलेलं पान, शेवाळ आणि उरलेलं खाणं खातात. ट्रम्पेट वाळू खालीवर करत राहते, त्यामुळे तळाशी सडका वायू साचत नाही. माझ्या प्रत्येक टाकीत त्या आहेत आणि मला त्या हव्या आहेत. त्या शेकड्यांनी दिसतात याचा अर्थ टाकीत शेकडोंना पुरेल इतकं खाणं उरतंय. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला, आठवड्यातून एक दिवस काहीच घालू नका, पिवळी पडलेली पानं वेळच्या वेळी कापा. दीड-दोन महिन्यांत संख्या आपोआप उतरते. तोवर रात्री दिवे गेल्यावर काकडीची जाड चकती एका छोट्या वाटीत ठेवून तळाशी सोडा आणि सकाळी वाटी उचला. पन्नास-साठ एका वेळी निघतात. असं आठवडाभर केलं की काच मोकळी दिसते.

त्यांना खाणारा प्राणी आणायचा विचार असेल तर थोडं थांबा. असॅसिन स्नेल हे काम चोख करते, पण बारीक गोगलगायी संपल्यावर तुमच्या पिवळ्यांच्या पिल्लांवर आणि कधी अशक्त मोठीवरही जाते. बोटिया मासे मोठे होतात, त्यांना थवा लागतो आणि साठ लिटर त्यांना अपुरे आहेत. पश्चिम घाटाच्या केरळातल्या नद्यांमधला पी पफर मासा तर निसर्गातच धोक्यात आलेला आहे. तो केवळ गोगलगायी मारायला विकत आणणं मला पटत नाही, आणि तो तुमच्या ॲपल स्नेलच्या मिशा आणि गप्पींच्या शेपट्याही कुरतडेल.

पुढच्या वेळी झाडं आणाल तेव्हा लिटरभर पाण्यात एक लहान चमचा तुरटी विरघळवून त्यात दोन-तीन तास बुडवा, मग स्वच्छ पाण्यात चांगली खळबळा. गोगलगायी जातात, अंडी मात्र सगळी जातातच असं नाही. म्हणून मी नवीन झाडं महिनाभर बाल्कनीतल्या बादलीत ठेवते आणि मगच टाकीत लावते.

भातखाचरातल्या गोगलगायींबद्दल. ती बहुधा पायला, बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी अभ्यासलेली. फार सुंदर प्राणी आहे. खाचर आटलं की चिखलात शिरते, शंखाचं दार घट्ट बंद करते आणि पावसापर्यंत तशीच राहते. पण ती पाणवनस्पती फडशा पाडल्यासारख्या खाते, अंडी ओल्या मातीत घालते, आणि तुमच्या टाकीत तिला यांतलं काहीच मिळणार नाही. त्याहून मोठं कारण कृमींचं आहे. खाचरातल्या आणि तळ्यातल्या गोगलगायी अनेक कृमींच्या मधल्या यजमान असतात, म्हणजे कृमींची पिल्लं आधी त्यांच्या अंगात वाढतात. आपल्याकडच्या डबक्यांत सापडणारी देशी रॅमशॉर्न, इंडोप्लॅनॉर्बिस, गुरांच्या नाकातल्या रक्तकृमी वाहून नेते, ज्यांच्यामुळे गुरं घोरल्यासारखा आवाज करतात. लिम्निया ही दुसरी गोगलगाय लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला कृमी, वाहते. अशा पाण्यात उतरल्यावर अंगाला खाज सुटते ती पुष्कळदा याच कृमींच्या पिल्लांमुळे. टाकीतच जन्मलेल्या गोगलगायीला ही भीती नसते, कारण कृमीचं चक्र पूर्ण व्हायला गुरासारखा दुसरा यजमान लागतो. बाहेरून पकडून आणलेलीला असते. पायला गावीच बघा.

आता तुमच्या पिवळ्यांबद्दल दोन-चार गोष्टी, ज्या दुकानात सांगत नाहीत. त्यांना कल्लाही असतो आणि फुप्फुसही. त्या वर येतात, मानेच्या डाव्या बाजूने एक नळी पाण्याबाहेर काढतात आणि सगळं अंग मागेपुढे हलवत हवा आत ओढतात. त्यासाठी पाणी आणि झाकण यांमध्ये पाच-सात सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. झाकण मात्र हवंच, नाहीतर सकाळी ती फरशीवर सापडेल. कधीकधी हवा भरून ती दोन-दोन दिवस तरंगते, त्याने घाबरून जाऊ नका. मेली की नाही हे वासावरून लगेच कळतं: मेलेल्या गोगलगायीची दुर्गंधी चुकूच शकत नाही, आणि दार सैल होऊन लोंबतं. तशी दिसली तर ताबडतोब बाहेर काढा आणि एक तृतीयांश पाणी बदला.

उन्हाळ्याकडे लक्ष असू द्या. चोवीस ते सव्वीस अंशांना या आरामात असतात. विदर्भात किंवा गच्चीखालच्या खोलीत टाकी बत्तिसावर गेली की त्या भराभर खातात, भराभर वाढतात आणि लवकर म्हाताऱ्या होतात. एरवी वर्ष-दीड वर्ष, फार तर दोन वर्षं त्यांचं आयुष्य. पाण्यावर तिरका पंखा लावला तरी दोन-तीन अंशांचा फरक पडतो. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र त्या दिवसांत आरओचं पाणी चालेल, कारण क्षार टाकीतच राहिलेले असतात. आरओचा टाकीत एवढाच काय तो उपयोग.

दोघींत एक नर आणि एक मादी असेल, किंवा मादी दुकानातूनच मिलन होऊन आली असेल, तर एखाद्या सकाळी पाण्याच्या वर काचेवर फिकट गुलाबी दाण्यांचा झुबका दिसेल. शंभराच्या घरात अंडी असतात. पहिला दिवस ती मऊ असतात, मग कडक होतात. पाण्यात बुडाली तर मरतात आणि दमट हवेत राहिली तर दोन ते चार आठवड्यांत फुटतात. मादी नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते, म्हणून एकटी ठेवली म्हणजे झुबके थांबतील असं समजू नका. साठ लिटरला दोन-तीन मोठ्या गोगलगायी पुरेत, त्यामुळे पिल्लं नको असतील तर झुबका पात्यानं अलगद सोडवा, पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. अंड्यांची ही कटकटच नको असेल तर पुढच्या वेळी नेराइट गोगलगाय आणा. तिची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, फक्त काचेवर आणि लाकडावर पांढरे टणक ठिपके दिसत राहतात.

अंडी, पिल्लं किंवा नको झालेली मोठी गोगलगाय नाल्यात, नदीत, तळ्यात कधीही सोडू नका. तुमची पिवळी दक्षिण अमेरिकेतली आहे. तिचीच एक जवळची बहीण 1980 च्या आसपास खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये नेली होती. लोकांना चव आवडली नाही, ती शेतात सुटली, आणि आज आग्नेय आशियातल्या भातशेतीची ती मोठी कीड आहे. युरोपीय संघानं 2012 मध्ये या बहिणींच्या सगळ्या गटाच्या (पोमॅसिया) आयातीवर बंदी घातली, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या कुणी हे वाचून ॲपल स्नेल शोधू नये, नेराइट किंवा रॅमशॉर्न ठेवाव्यात. दिसायला या बहिणी इतक्या सारख्या असतात की दुकानातली नेमकी कोणती हे नुसतं बघून ठरवणं अवघड असतं. ज्यांना द्यायच्या त्यांना टाकीसाठीच द्या.

या रविवारी जीएच आणि केएच मोजा, पहिले दहा लिटर बदला आणि दोघींच्या शंखाच्या कडेचे जवळून फोटो काढून ठेवा. चार आठवड्यांनी तेच फोटो पुन्हा काढा. नवीन पट्टी सलग आली नसेल तर आकडे आणि दोन्ही फोटो पाठवा, मग पुढचं बघू.